बाल्कनीतला सर्व्हर

'लो-टेक मॅगझिन'ची सौरऊर्जेवरची वेबसाइट २०१८पासून बार्सिलोनातल्या एका घरातून चालते. बाल्कनीत सोलर पॅनेल, जोडीला बॅटरी आणि १ ते २.५ वॅटवर भागवणारा तळहाताएवढा संगणक. पानं स्थिर, चित्रं मुद्दाम हलकी केलेली. पानामागचा पिवळा रंग बॅटरी किती उरलीय ते दाखवतो. सलग ढगाळ हवा राहिली की वेबसाइट बंद, आणि संपादकांना त्यात काही वावगं वाटत नाही!

असा घरगुती सर्व्हर भारतात चालवायचा, तर अडचण निराळीच. अनेक ब्रॉडबँड कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. बाहेरून आलेली विनंती नेमक्या घरी पोचतच नाही. मग स्थिर पत्त्यासाठी जादा पैसे मोजा, नाहीतर बाहेरची विनंती घरापर्यंत आणून सोडणारा, क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीचा टनेल घ्या. जोडणीत आयपीव्ही६ (मुबलक पत्ते असलेली नवी आयपी पद्धत) असेल, तर काम बरंच सोपं होतं.