कनिष्ठ हॉकीपटूंचे मूल्यमापन : वय आणि सराव

कनिष्ठ विश्वचषक हॉकी स्पर्धा 21 वर्षांखालील खेळाडूंसाठी असते. 2024 च्या हॉकी इंडिया लीग लिलावात प्रत्येक पुरुष संघास किमान 4 कनिष्ठ खेळाडू घेणे बंधनकारक होते. अशा निवडीत 18 व 20 वर्षांच्या खेळाडूंचे गोल समान असले, तरी त्यांचे मूल्य समान ठरत नाही. थोरल्याच्या यशात शरीरबळ व अनुभव यांचा वाटा अधिक असतो. म्हणून त्याची कसोटी वरिष्ठ खेळाडूंविरुद्धच्या खेळावरून घ्यावी.

तथापि, वयाबरोबर कृत्रिम मैदानावरील सरावाची वर्षेही मोजणे आवश्यक आहे. जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारच्या मुलास पिंपरी-चिंचवडमधील नेहरूनगरचे मैदान दूर पडते. उशिरा सुरुवात करणाऱ्याच्या प्रगतीचा वेग न पाहिल्यास ग्रामीण गुणवत्ता निवडीबाहेरच राहील.