टपालाचा हिशेब : भाग ४ – पन्नास ग्रॅमची पायरी

पुण्याहून दिल्लीला नोकरीचा अर्ज आणि दाखल्यांच्या प्रती पाठवायच्या आहेत. पाकीट ४८ ग्रॅम भरले, तर स्पीड पोस्टचे ४७ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ५५ रुपये पडतात. त्यात आणखी एक कागद घातला आणि काटा ५३ वर गेला, की मूळ दर ७२ रुपये होतो, करासह ८५. एका कागदापायी तीस रुपये!

टपालाचा दर ग्रॅमागणिक चढत नाही, तो पायरीपायरीने चढतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकात कागदपत्रांसाठी तीन पायऱ्या आहेत : ५० ग्रॅमपर्यंत, ५१ ते २५० आणि २५१ ते ५००. पहिल्या पायरीवर शहरातल्या शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी, मग ते साताऱ्याला असो की गुवाहाटीला, ४७ रुपये. अंतराचा प्रश्न दुसऱ्या पायरीपासून सुरू होतो.

तिथेही अंतराचा भार वाटतो तेवढा नसतो. पुण्याहून २०० ग्रॅमचे पाकीट नागपूरला ६८ रुपयांत जाते, गुवाहाटीला ७७ रुपयांत. प्रवास तिपटीहून लांब, फरक नऊ रुपयांचा.

याचे कारण जुने आहे. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये इंग्लंडच्या टपालाचा हिशेब मांडला, तेव्हा लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाएवढा निघाला. खरा खर्च होता पत्र स्वीकारण्याचा, नोंदीचा, वाटपाचा. भारतातही १८५४ मध्ये पाव तोळ्याच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा ठरला. आजही हलके पाकीट खिडकीवर घेणे, छाटणी करणे आणि पोस्टमनने दारापर्यंत नेणे, ही कामे अंतर वाढले म्हणून वाढत नाहीत.

म्हणून वजनाकडे पाहावे. ८० जीएसएमचा ए-फोर कागद जवळपास पाच ग्रॅमचा असतो. दहा कागद झाले, की पाकीट आणि डिंक धरण्याआधीच पन्नास ग्रॅम संपतात. प्रती पाठपोट काढल्या आणि जाड कापडी पाकिटाऐवजी साधे पाकीट घेतले, तर तेच दाखले पहिल्या पायरीवर राहतात. उलट, वजन ६० ग्रॅम होणारच असेल तर काटकसर सोडावी : २५० ग्रॅमपर्यंत दर तोच आहे.

पुस्तकाचा मार्ग वेगळा. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’मध्ये शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक वा धार्मिक पुस्तक ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर एवढ्यात देशात कुठेही जाते. ते जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण घाई नसेल तर स्पीड पोस्टचे पैसे का भरावेत?

खोक्याच्या बाबतीत मात्र काटा पुरेसा नाही. खासगी कुरिअर कंपन्या सहसा लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार ५००० ने भागतात आणि हे वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे घेतात. ३० बाय २० बाय १० चे खोके आत दोनशे ग्रॅमचीच वस्तू असली तरी १.२ किलोचे धरले जाते.

तेव्हा वाचकांनी पोस्टाच्या रांगेत उभे राहण्याआधी पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहावे, पण ते बंद करण्याआधी. पुढील भागात अर्धा किलोवरच्या पार्सलांचा हिशेब.