माती बोलते, तारा बोलतात

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत पाण्याचा मोठा नळ फुटला आहे, अशी कल्पना करावी. रस्त्यावरून पाणी वाहत आहे. झडप बंद केल्यावाचून ते थांबणार नाही. परंतु झडपेचे बिडाचे झाकण डांबराच्या थराखाली गाडले गेले आहे. कामगार धातुशोधक यंत्र आणतो. सुरू करताच ते चोहोकडे वाजू लागते!

या यंत्राच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह खेळतो व भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. खाली धातू असल्यास त्यातही प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचे क्षेत्र यंत्राला जाणवते आणि आवाज उमटतो. कान इतके तीक्ष्ण, की नको तेही ऐकू येते.

१८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यास ग्रॅहॅम बेल यांनी असेच यंत्र वापरले. गोळी सापडली नाही. रोग्याच्या गादीत पोलादी तारा होत्या! शिवाय डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली. गोळी होती डावीकडे. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला अध्यक्ष निवर्तले.

म्हणून जाणता कामगार प्रथम आपली पहार दूर ठेवतो. मग चकती जमिनीपासून चांगली उंच धरतो. तरीही कुरकुर चालू राहिली, तर ती बहुधा विजेच्या तारांची. अशा वेळी यंत्राची वारंवारता किंचित बदलावी. तेवढ्याने न भागल्यास संवेदनक्षमता उतरवावी. मग फार खोलचे कळत नाही, हे खरे. पण जे कळते ते विश्वासाचे असते.

चकती उंच असता यंत्र शांत आणि खाली आणताच वाजते, तर माती बोलते आहे. सोलापूरची काळी माती बसाल्ट खडकापासून झाली. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा; त्यात लोहाची चुंबकीय खनिजे असतात. रस्त्याची खडीही बहुधा त्याच दगडाची. तेव्हा धातू नसलेल्या जागी चकती वरखाली करीत, आवाज स्थिर होईपर्यंत भूसंतुलनाचे बटन फिरवावयाचे.

खिळे वगळण्याचीही एक सोय यंत्रात असते. तिचा मोह होतो. परंतु बीड म्हणजे लोखंडच. खिळ्यांबरोबर झाकणही गप्प होण्याचे भय असते. कामगार ती सोय बंद ठेवतो आणि चकती सावकाश फिरवतो. खिळ्याचा आवाज तुटक, झाकणाचा रुंद व सलग. तसा आवाज येताच तो खडूने चौकोन आखतो आणि पहार मागवतो.