समुद्राच्या पाण्यांतील मुहूर्त

घटिका भरल्यावांचून अंतरपाट दूर होत नाहीं, हें आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु ज्यांना डोळे नाहींत, मेंदु नाहीं, अशा सागरवनस्पतीही योग्य वेळ येईपर्यंत आपलें बीज राखून ठेवतात, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

युरोपच्या उत्तरेकडील खडकाळ किनाऱ्यांवर फ्यूकस नांवाचें तपकिरी शैवाल वाढतें. कोकणच्या खडकांवर आढळणारें सरगॅसम त्याच्याच गणांतलें. फ्यूकसच्या एका पुंकोशांत ६४ पुंबीजें, तर एका अंडकोशांत ८ अंडीं तयार होतात, व त्यांचा संयोग बाहेर पाण्यांत होतो. पुंबीजावांचून अंडें रुजत नाहीं, हें फ्रेंच शास्त्रज्ञ त्यूरे यांनीं १८५४ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु खवळलेल्या पाण्यांत पुंबीजें पांगतात आणि अंडीं वाया जातात. उलटपक्षीं एका अंड्यांत दोन पुंबीजें शिरलीं, तर तो गर्भही जगत नाहीं. उणें पडलें तरी नाश, अधिक झालें तरी नाश!

यावर या वनस्पतीचे उपाय तीन. पहिला धीराचा. पाण्याचा वेग सेकंदास सुमारें २० सेंटिमीटरच्या आंत आल्यावरच ती बीजें सोडते, आणि मग बहुतेक सर्व अंडीं फलित होतात, असें सेराओ, ब्रॉली प्रभृति संशोधकांस १९९६ सालीं आढळलें. शांतता तिला कळते कशी? पाणी संथ असलें म्हणजे तिच्या अंगालगतच्या थरांतील विरघळलेला कार्बन अन्न तयार करण्यांत लवकर सरतो. तीच तिची खूण.

दुसरा उपाय आमंत्रणाचा. अंड्यांतून फ्यूकोसेरॅटीन नांवाचें द्रव्य पाझरतें व पुंबीजें त्याच्या रोखानें पोहत येतात. हें द्रव्य १९७३ सालीं ओळखलें गेलें.

तिसरा दार लावण्याचा. पहिलें पुंबीज मिळतांच पाण्यांतील सोडियमचे विद्युद्भारित कण अंड्यांत शिरतात, त्याच्या पटलावरील विद्युद्भार पालटतो, आणि दुसऱ्यास प्रवेश मिळत नाहीं. थोड्याच मिनिटांत अंड्याभोंवतीं भिंतही उभी राहते.

मात्र या कुलुपाची किल्ली मिठांत आहे. बाल्टिक समुद्राचें पाणी फार अळणी. तेथें सोडियम अपुरा पडतो, दार वेळेवर लागत नाहीं, आणि एकाहून अधिक पुंबीजें शिरून कित्येक अंडीं फुकट जातात. धीर धरला, आमंत्रणही पोंचलें, तरी चिमूटभर मिठावांचून सारें अडतें!