किशोरवयीनांच्या कण्याची वक्रता आणि एमआरआय

किशोरवयात कणा बाजूला वळतो, त्यास स्कोलिओसिस म्हणतात. उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर, जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडलेल्या पद्धतीने मोजलेला कोन १० अंश वा अधिक भरला की निदान होते. मग किरणोत्सर्ग नसलेला एमआरआयच का करू नये? कारण तो बहुधा झोपवून काढतात. शरीराचा भार उतरतो आणि वळण कमी दिसते. त्याचा खरा उपयोग मज्जारज्जूतील दोष, उदाहरणार्थ आत झालेली द्रवाची पोकळी, शोधण्यात आहे. छातीच्या भागातील वळण सहसा उजवीकडे असते. ते डावीकडे असेल किंवा पायांत बधिरता असेल, तर एमआरआय टाळू नये. ओढणीखाली खांद्यांतील फरक सहज लपतो. “नीट बस” म्हणून मुलीला दटावणे व्यर्थ. शिक्षिकेने वा आईने तिला पुढे वाकवून पाठीची एक बाजू उंच दिसते का, ते पाहावे.