टायरांची अदलाबदल आणि एका बाजूस ओढणारी गाडी

आपल्यापैकी अनेकांनी बँकेच्या वाहनकर्जाच्या साहाय्याने चारचाकी घेण्याचे स्वप्न पूर्ण केले आहे. कर्जाचे हप्ते आपण नियमाने भरतो. मात्र गाडीच्या प्रकृतीकडे तितक्याच नियमाने लक्ष देतोच असे नाही. आणि लक्ष दिले, तरी रोगाचे निदान चुकले तर पैसा व मनःस्वास्थ्य दोन्ही जातात. याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे.

हैदराबाद येथे बदली झाल्यावर, गाडीचे दहा हजार किलोमीटर पूर्ण होताच मी टायरांची अदलाबदल, म्हणजेच टायर रोटेशन, करून घेतले. पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन सोलापूरला निघालो. महामार्गावर वेग वाढताच गाडी डावीकडे ओढू लागली. स्टीअरिंगवरील पकड किंचित सैल होताच गाडी रस्त्याच्या कडेकडे सरके. एकदा शेजारून ट्रक जात असताना हा प्रकार घडला, तेव्हा मागे बसलेल्या आईने देवाचे नाव घेतले. परतल्यावर एका ठिकाणी व्हील अलाइनमेंट केले. गुण आला नाही. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा केले. तरीही परिस्थिती जैसे थे!

शेवटची नोंद आधी तपासावी

हिशेबाचा ताळा काल जुळत होता व आज जुळत नसेल, तर आपण प्रथम आजच्या नोंदी तपासतो. हाच न्याय येथेही लागू पडतो. टायर बदलताना केवळ चाके काढून दुसऱ्या जागी बसवली जातात. अलाइनमेंटचे कोन त्यामुळे बदलत नाहीत. म्हणून अदलाबदलीनंतर लगेच गाडी ओढू लागली, तर पहिला संशय टायरांवर व त्यांतील हवेवर घ्यावा.

हवेचा दाब

अनेक गाड्यांमध्ये पुढील व मागील टायरांसाठी हवेचा दाब वेगळा सांगितलेला असतो. चाके जागा बदलतात, पण दाब नव्या जागेप्रमाणे करून घेण्याचे राहून जाते. पुढील दोन टायरांच्या दाबात फरक असल्यास, कमी हवा असलेल्या बाजूकडे गाडी ओढते. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर योग्य दाब छापलेला असतो. गाडी काही तास उभी राहून टायर थंड झाल्यावर त्याप्रमाणे चारही टायर तपासावेत. खर्च जवळजवळ शून्य. म्हणून ही पहिली पायरी.

रस्त्याचा उतार

पाणी वाहून जावे म्हणून रस्ते कडांकडे किंचित उतरते बांधलेले असतात. आपण डाव्या बाजूने वाहन चालवत असल्याने गाडीचा डावीकडे अल्पसा कल असणे स्वाभाविक आहे. सपाट, मोकळ्या जागी मध्यम वेगाने, स्टीअरिंगवर हात हलके ठेवून चाचणी घ्यावी. रहदारीत हात सोडण्याचे धाडस कदापि करू नये.

टायरमधील दोष

टायर बनताना त्याच्या आतील पट्टे मध्यभागापासून किंचित सरकले, तर तो अत्यल्प प्रमाणात शंकूसारखा वागतो. उताणा पडलेला पेला जमिनीवर सरळ न घरंगळता वळत जातो, तसा हा टायर एका बाजूस झुकू पाहतो. असा टायर मागे असताना त्याचा परिणाम सहसा जाणवत नाही; तो पुढे आला की स्टीअरिंगवर त्याचा थेट प्रभाव पडतो. असमान झिजलेल्या टायरांमुळेही हेच घडू शकते. अदलाबदलीने लपलेला दोष उघड होतो, तो असा.

निर्णायक चाचणी

अखेर एका वयस्क मिस्त्रींनी, ज्यांना तेथे सारे 'उस्ताद' म्हणत, पुढील दोन चाके डावी-उजवी बदलून पाहिली. गाडी आता उजवीकडे ओढू लागली! दोष कोठे आहे हे वीस मिनिटांत सिद्ध झाले. या चाचणीचे निष्कर्ष असे :

१. ओढ दिशा बदलते किंवा स्पष्टपणे कमी होते : दोष टायरचा. नेमका टायर कोणता हे पाहण्यासाठी पुढील एकेक चाक त्याच बाजूच्या मागील चाकाशी बदलून पाहावे.

२. ओढ पूर्वीसारखीच राहते : दोष टायरचा नसून अलाइनमेंट, सस्पेन्शन किंवा ब्रेकचा असण्याची शक्यता अधिक.

एक सावधगिरी आवश्यक आहे. काही टायरांच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. असे टायर रिमवरून काढून उलटे बसवल्याशिवाय डावी-उजवी बदलू नयेत.

ब्रेक आणि अलाइनमेंट

केवळ ब्रेक लावतानाच गाडी ओढत असेल, तर ब्रेककडे लक्ष द्यावे. फेरफटक्यानंतर एका चाकाजवळ इतरांपेक्षा फार अधिक उष्णता जाणवल्यास तेथील ब्रेक अडकून राहत असल्याचा संभव असतो. अशी गाडी तत्काळ दाखवावी. चाकाला हात लावू नये, चटका बसू शकतो. विशिष्ट वेगात स्टीअरिंग थरथरणे हा मात्र वेगळा विकार असून त्यासाठी प्रथम व्हील बॅलन्सिंग तपासतात.

अलाइनमेंट केल्यास छापील तक्ता अवश्य मागून घ्यावा. त्यात 'आधीचे' व 'नंतरचे' असे दोन्ही आकडे असतात. माझ्या तक्त्यात आधीचे आकडेही मर्यादेतच होते. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर असूनही मी ते वाचण्याची तसदी घेतली नव्हती. ज्या खात्यात चूक नाही, ते दोनदा दुरुस्त करण्याचे पैसे मी मोजले!

सदोष टायर मागील जागी बसवल्यावर गाडी सरळ चालू लागली. टायर नवा असल्यास विक्रेत्याकडे हमीबाबत विचारणा करावी. आणि चाके कोणत्याही कारणाने काढली गेली असतील, तर शंभरएक किलोमीटरनंतर नटांचा घट्टपणा पुन्हा तपासून घ्यावा.

सारांश, क्रम लक्षात ठेवावा : आधी हवा, मग रस्ता, मग टायर, नंतर ब्रेक व अलाइनमेंट. गेल्या दिवाळीत त्याच रस्त्याने पुन्हा सोलापूरला गेलो. आई संपूर्ण प्रवासात शांत झोपली होती.