त्रैराशिक जेथे अडते

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांची बदली झाली आणि नवे येईपर्यंत अकरावीचा तास आम्हीच घेऊ लागलो. मराठीचा एम.ए. गणित काय शिकविणार, अशी शंका वाचकांस येईल. ती आम्हांसही होती. प्रकरण होते सरळ रेषेच्या समीकरणाचे. इंदूरच्या आमच्या हिंदी पाठ्यपुस्तकात रेषेच्या चढास 'ढाल' म्हणतात; मराठी कानांस तेथे तलवार आठवावी! आपल्या जुन्या अक्षरांत सांगायचे तर य = मक्ष + क, हे सूत्र साऱ्या वर्गास मुखोद्गत होते. पण म म्हणजे काय आणि क कशासाठी, असे विचारताच वर्ग चिडीचूप.

त्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी दोन दिवस आली नाही. धाकट्या भावास ताप होता. घरचा पाऱ्याचा थर्मामीटर फुटलेला. नव्याने आणलेल्यावर ३९ हा आकडा दिसला. आजींचा सारा हिशेब ९८ आणि १०२ चा. "सर, आजी म्हणाली, चाळीससुद्धा नाही, मग ताप कसला?" मुलगी सांगत होती. ती रात्र औषधावाचून गेली. सुदैवाने मुलगा आता बरा आहे.

आम्ही सूत्र पुसले आणि विचारले, ३९ सेल्सिअस म्हणजे किती फॅरनहाइट? एका हुशार मुलाने त्रैराशिक मांडले. पाणी इकडे १०० ला उकळते, तिकडे २१२ ला. म्हणून ३९ ला ८२.६८. म्हणजे तापाने फणफणलेले पोर धडधाकट माणसाहून थंड! वर्ग हसला, तो मात्र गोंधळला. त्याचा गुणाकार अचूक होता. चूक होती ती दोन्ही मापे शून्यापासून एकत्र निघतात, असे धरण्यात. 'लीलावती'तील त्रैराशिक अशा सहप्रवाशांसाठी आहे. येथे बर्फ वितळते तेव्हा इकडे ० असतो, तिकडे आधीच ३२.

मग आलेखाच्या कागदावर दोनच बिंदू मांडले: (०, ३२) आणि (१००, २१२). पट्टी ठेवून रेषा ओढली. आडवे १०० चालताना उभे १८० चढलो. १८० भागिले १००, म्हणजे १.८, हाच म. क्ष शून्य असता रेषा उभ्या अक्षास ३२ वर भेटते; तोच क. य = १.८ क्ष + ३२. आता ३९ घाला: ७०.२ अधिक ३२, म्हणजे १०२.२. मुलीने पेन खाली ठेवले व ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली.

हीच रेषा शून्याच्या डावीकडे वाढविली असता उणे ४० वर दोन्ही मापे एकच अंक दाखवितात, हे मुलांनी आपण होऊन शोधले. आमच्या ते ध्यानी नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

मुलीने घरी औषधांच्या कपाटावर चिठ्ठी डकविली आहे: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. आजींनी ती वाचून म्हटले म्हणे, "म्हणजे इकडचा एक अंश तिकडे पावणेदोनाहून अंमळ जास्त. एवढे आधीच सांगायचे होते!"